मैनावतीची विच्छा

‘इच्छा’ हा शब्द देवघरातही चालतो. पंढरीला जायची इच्छा असते, पोराने शिकावं ही इच्छा असते, मरणाऱ्याची शेवटची इच्छा असते. त्याच शब्दाला खेड्यातल्या तोंडात एक ‘व’ चिकटतो, त्याची ‘विच्छा’ होते आणि ऐकणाऱ्याच्या ओठाचा कोपरा हलतो. बोलणाऱ्याने वावगं काही म्हटलेलं नसतं. जे काही वावगं झालं ते ऐकणाऱ्याच्या मनात झालं.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचं सगळं मर्म मला त्या एका अक्षरात दिसतं. 1965 साली हे वगनाट्य रंगमंचावर आलं. दादा कोंडके त्यात हवालदार झाले, आणि दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनीस सोलापूरचे, लेखणीचे विनोदकार. दादा गिरणगावातल्या नायगावात वाढलेले, सेवा दलाच्या कलापथकात घडलेले. एकाला वाक्य कुठे तोडायचं ते कळत होतं आणि दुसऱ्याला तोडलेल्या वाक्यानंतर किती वेळ गप्प राहायचं ते. पुढे 1971 चा ‘सोंगाड्या’ही या दोघांचाच, आणि 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद सबनीसांचे. त्या सगळ्याचं मूळ मला या वगात सापडतं.

मी हा वग प्रथम पाहिला तो उरणजवळच्या आमच्या गावात, जासईत. दादांचा प्रयोग नव्हे, गावातल्याच पोरांनी बसवलेला. 1984 च्या जानेवारीतल्या पोलीस गोळीबाराला तीनचार वर्षं झाली होती. 16 आणि 17 तारखेला शेतकरी आंदोलनात पाच माणसं गेली, त्यांचं स्मारक जासईतच आहे, आणि ज्यांच्या मागे सगळा मुलूख उभा राहिला ते दि. बा. पाटीलही याच गावचे. भातशेती आणि मिठागरं सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनात जात होती. घराघरात नोटिसांचे कागद होते, आणि माणसं कागद घेऊन कचेरीत गेली की तिथे साहेब नसायचे. साहेब दौऱ्यावर. अशा दिवसांत मैदानात फळ्या टाकून, चार बाजूंना दिवे लावून पोरांनी वग लावला.

रंगमंचावरचं राज्यही तसंच होतं. कोतवाल वारलेला. त्या जागेवर हक्काने डोळा ठेवून असलेला हवालदार. आणि प्रधानाने तिथे आणून बसवलेला आपला मेहुणा. मेहुण्याची नेमणूक झाली तेव्हा मैदानात जे हसू उठलं ते मी अजून विसरलेलो नाही. ते चावट विनोदाचं हसू नव्हतं. माझ्या शेजारी बापूस बसला होता. तो हसला नाही, त्याने नुसती मान हलवली, एखाद्याने आपल्या मनातला हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा तशी.

चावट भाग त्यानंतर आला, आणि तेव्हा मागे बायकांच्या बाजूला जी खसखस पिकली तिने आम्ही तेरा-चौदा वर्षांची पोरं गडबडून गेलो. आया हसतात हे आम्हाला माहीत होतं. आयांना हे कळतं, हे माहीत नव्हतं.

इतक्या वर्षांनी हा वग पुन्हा उघडून वाचायला बसलो त्याचं कारण माझा भाचा. तो संगणकावर गोष्टी करतो, ज्यांना व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात तशा. मागे एक चित्र असतं, पुढे कमरेपर्यंतची माणसं उभी असतात, खाली संवादाची पट्टी. टिचकी मारली की पुढचं वाक्य येतं. मधेच गोष्ट थांबते आणि दोन-तीन पर्याय समोर येतात: हे बोलायचं, ते बोलायचं, की गप्प बसायचं. तुम्ही जे निवडाल त्या वाटेने गोष्ट पुढे जाते. हा प्रकार जपानमध्ये रुजला. 2004 पासून रेनपाय नावाचं फुकट साधन मिळतं, त्यामुळे थोडंफार लिहिता येणारा कुणीही अशी गोष्ट घरी बसून करू शकतो. त्यात एक मोठी शाखा प्रौढांसाठीच्या विनोदी गोष्टींची आहे. भाचा म्हणाला, “मामा, तसलं मराठीत करायचंय, पण घाण नको. गोष्ट सांग.” मी कपाटातून ‘विच्छा’ काढून त्याच्या हातात ठेवली.

त्याला आधी आश्चर्य वाटलं, पण वाचता वाचता तो म्हणाला, “हे तर तेच आहे.” आणि खरंच आहे. तमाशाच्या रंगमंचावर काही नसतं. एक फेरी मारली की गाव बदलतं, दुसरी मारली की राजवाडा. सगळी गोष्ट बोलण्यावर चालते आणि बोलणारा मधेच थांबून प्रेक्षकाकडे बघतो. पर्याय तेव्हाच उघडतात. समोरून आरोळी आली की सोंगाड्या तिच्यावर वळतो, नाही आली तर लिहिलेल्या वाटेने जातो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तर चित्रांची पोथी एकेक पान उलटत गोष्ट सांगत आले आहेत. चित्र, आवाज आणि थांबा, एवढंच भांडवल. संगणकाने यात टिचकी आणली.

पण साम्य एवढ्यावरच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मला त्यात जास्त महत्त्वाची गोष्ट दिसते ती अशी: चावट विनोद पुरा कोण करतो?

द्व्यर्थी बोलण्यात बोलणारा अर्धंच बोलतो. त्याचं वाक्य कोर्टात उभं केलं तर निर्दोष सुटेल. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घातलेला असतो. म्हणून तर हसताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो, शेजारी आपल्याला पकडतो की काय म्हणून. सबनीसांच्या हवालदाराला हे नेमकं कळतं. तो भोळा आहे. त्याचा भोळेपणा हे सोंग आहे की खरं, हे वगभर शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. दादांच्या कामाची जी ध्वनिमुद्रणं आणि चित्रफिती ऐकायला-बघायला मिळतात त्यात हीच जागा सोन्याची आहे. चेहरा कोरा, आवाज किंचित चिरका, वाक्य सरळ, आणि हशा झाला की चेहऱ्यावर प्रामाणिक गोंधळ: लोक का हसले? त्या गोंधळाने प्रेक्षक दुसऱ्यांदा हसतो, आणि या खेपेला स्वतःच्या मनाला हसतो. नट निळू फुले डोळ्यांनी सगळं कळल्याचं सांगत. दादांनी डोळ्यांतून काहीच कळलं नसल्याचं सांगितलं. या वगाला दादांचीच पद्धत हवी होती.

आपल्या साहित्यशास्त्राने अश्लील हा काव्यदोष मानला आणि त्याचे तीन प्रकार केले: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल. मला ही वर्गवारी फार शहाणी वाटते, कारण तिने लाज आणि किळस वेगळी ठेवली. ‘विच्छा’ लाजेच्या काठावर चालते, किळसेच्या बाजूला घसरत नाही. तिच्यात शरीराची चेष्टा आहे, पण शरीराचा तिरस्कार नाही.

भाच्याने मला जगातले नमुने दाखवले. त्यातला जो मनात राहिला तो व्हिज्युअल नॉव्हेल नव्हे, त्याआधीच्या पिढीतला एक खेळ, अमेरिकेतला ‘लेझर सूट लॅरी’. 1987 चा, सिएरा कंपनीचा, अल लो या माणसाने केलेला. पांढऱ्या सुटातला, डोक्यावरचे केस विरळ झालेला, चाळिशीला टेकलेला लॅरी बायकांना भुलवायला निघतो आणि दर पावलाला फजीत होतो. खेळ सुरू होण्याआधी तुम्ही सज्ञान आहात का हे ठरवायला जुन्या अमेरिकेबद्दल प्रश्न विचारले जातात, पोरांना उत्तरं येऊ नयेत असे. शिवाय एक कळ अशी की दाबली की पडद्यावर कामाचा तक्ता येतो. साहेब मागे येऊन उभा राहिला तर.

त्यात एक दुकानाचा प्रसंग आहे. लॅरी निरोध घ्यायला जातो. दुकानदार शांतपणे एकेक प्रश्न विचारतो: कसला हवा, गुळगुळीत की खरबरीत, रंगीत की साधा? खेळणारा आपल्या हाताने एकेक उत्तर टंकतो. शेवटी दुकानदार ती सगळी उत्तरं जोडून, दुकान दणाणेल अशा आवाजात जाहीर करतो, आणि दुकानभर माणसं उगवून लॅरीकडे बघू लागतात. मी तो प्रसंग तीनदा खेळलो. दुकानदाराच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मी दिलेला होता. हवालदाराच्या भोळ्या वाक्यानंतर जे आमच्या मैदानात झालं, तेच इथे खोलीत एकट्याने बसून झालं. पर्याय निवडायला लावणाऱ्या कलेची ही खरी ताकद. नाटकात प्रेक्षक मनात अर्थ घालतो, इथे तो बोटाने घालतो आणि पकडला जातो.

आणि याच कलेचं दुबळेपणही तिथेच. पुष्कळशा प्रौढ व्हिज्युअल नॉव्हेलांत पर्याय नावापुरते असतात. तीन बटणं, तिन्ही वाटा एकाच खोलीत. भाच्याच्या बोटांना ते कळलं की तो वाचणं सोडतो आणि वाक्यं पळवणारी कळ दाबून धरतो. संवाद पट्टीतून पाण्यासारखे वाहून जातात, मुलींचे तेच चार चेहरे आळीपाळीने येतात, हसरा, रागीट, लाजरा, रडवा, आणि शेवटी बक्षीस म्हणून एक उघडं चित्र उघडतं. ते चित्र एका दालनात साठतं. अशी दहा-बारा चित्रं जमली की खेळ पुरा झाला. त्यात विनोद असतो, कधी फर्मास असतो, पण तो दाराशी उभा राहून तिकिटं फाडतो. आत गेल्यावर त्याचं काम संपलेलं. सगळं दाखवून झाल्यावर प्रेक्षकाने स्वतःचं काही घालायला जागाच उरत नाही.

सबनीसांचा वग कुठे उजवा ठरतो ते सांगायला मला छपरी पलंगाकडे यायला हवं. या वगाचं दुसरं नावच ‘छपरी पलंगाचा वग’. हवालदार नव्या कोतवालाला खड्ड्यात घालायचं ठरवतो आणि त्यासाठी मैनावती या नाचणारणीची मदत घेतो. कोतवाल तिच्यावर भाळतो. ती त्याच्याकडे मागणी करते: राजाचा छपरी पलंग आणून दे. आणि कायद्याचा रखवालदार राजाच्या महालात चोरी करायला निघतो.

नुसती कल्पना बघा. मैनावतीने हार मागितला असता तर गोष्ट झाली असती, पण वग झाला नसता. राजमुकुट मागितला असता तर राजकीय नाटक झालं असतं. पलंग ही एकच वस्तू अशी आहे की तिच्यात शेज आणि सिंहासन दोन्ही आहेत. वर छत्र आहे, खाली गादी आहे. ‘गादी’ हा शब्द तर आपल्याकडे दोन्हींसाठी एकच. कोतवाल पलंग उचलतो तेव्हा त्याच्या डोक्यात रात्र आहे. प्रेक्षकाच्या डोक्यात रात्रही आहे आणि राज्यही. कामवासना आणि सत्तेची हाव या दोन चोऱ्या सबनीसांनी एका खाटेवर घालून चौघांच्या खांद्यावर दिल्या. वगभर जी द्व्यर्थी बोली आपण ऐकत आलो तिचं हे लाकडी, चार पायांचं रूप आहे. श्लेष शब्दात करणं सोपं. वस्तूत करणं फार अवघड, आणि तो इतका सहज झाला आहे की मलाही तो कळायला वयाची पन्नाशी यावी लागली.

लहानपणी आमच्या मैदानात तो पलंग म्हणजे कुणाच्या तरी घरची खाट होती, तिला चार बांबू बांधून वर लग्नाच्या मांडवाचं कापड टाकलेलं. कोतवाल झालेला पोरगा ती पाठीवर घेऊन निघाला आणि एक बांबू निसटला. छत त्याच्या डोक्यावर आलं. तो तसाच चालत राहिला, कापडाखालून, दिसत नसताना. लोक रडेपर्यंत हसले. त्या अपघातापेक्षा चांगलं दिग्दर्शन त्या प्रसंगाला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

राजकारण आणि चावटपणा यांची ही गाठ वगाच्या रचनेतच बसवलेली आहे. तमाशावर स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने बंदी आणली होती, ती पुढे अटींवर उठली, आणि शहरातले लेखक या मातीत उतरले. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’, शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ अशी ओळ तयार झाली. त्यांपैकी काहींनी तमाशाला अंघोळ घालून इतकं स्वच्छ केलं की अंगाचा वास गेला. सबनीसांनी तसं केलं नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा जुना क्रम त्यांनी तसाच ठेवला. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि पुरुषाने सोंग घेतलेली मावशी, सगळे आहेत. वाट अडवून दाण मागणारा कृष्ण आधी दाखवायचा आणि मग मेहुण्याला कोतवाल करणारा प्रधान आणायचा, यातली चतुराई मला दुसऱ्या वाचनात कळली. गवळणीत आपण खंडणीला हसायला शिकतो. वगात तीच खंडणी आपल्या खिशातून गेलेली असते.

आता उणिवा. त्या झाकून रसग्रहण होत नाही.

पहिली, छापलेली संहिता एकट्याने वाचली तर ती बारीक वाटते. जिथे हशा यायचा तिथे कागदावर नुसती ओळ आहे. हवालदाराच्या कित्येक जागा प्रयोगागणिक बदलत, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं काही त्यात येई, गावचं नाव येई, पुढच्या रांगेत बसलेला पुढारी येई. हे वगाचं बळ होतं आणि म्हणूनच वग एका नटाच्या जिभेला बांधला गेला. दुसऱ्याने तेच शब्द उच्चारले की पोशाख दुसऱ्याच्या मापाचा वाटतो. व्हिज्युअल नॉव्हेलात याच्या उलट आहे: लिहिलेलं ते कायमचं, हजारव्या खेळणाऱ्यालाही तीच ओळ. तिथे तोल राखला जातो, पण उरणच्या खेळणाऱ्यासाठी उरणचं नाव कुणी घालत नाही.

दुसरी, उत्तरार्ध घाईत उरकतो. पलंग चोरीला गेल्यावर न्यायाची जागा येते आणि तिथे वग एकदम सोपा होतो. लबाड पकडला जातो, हवालदाराची विच्छा पुरी होते, राजा राजाच राहतो. प्रधान ज्याने हे सगळं सुरू केलं तो जवळजवळ कोरडा सुटतो. आमच्या गावात याची बोच राहिली. हवालदार कोतवाल झाला त्याचा आनंद झाला, पण परतताना कुणीतरी म्हणालं की उद्या याचाही मेहुणा निघेल. चोर बदलून चौकी तीच राहते, हे सबनीसांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. दिसूनही त्यांनी प्रेक्षकाला हसत घरी पाठवायचं ठरवलं.

तिसरी उणीव या वगाची एकट्याची नाही, पण त्यातून वाढली. दादांच्या पुढच्या चित्रपटांत द्व्यर्थी बोलण्याचा दुसरा अर्थ हळूहळू पुढे येत गेला आणि पहिला मागे. ‘सोंगाड्या’त तो अजून भोळेपणाच्या आड उभा आहे. नंतर नंतर चित्रपटाच्या नावातच तो दारात येऊन उभा राहिला. दोन अर्थांतला एक इतका मोठा झाला की दुसरा पाहायची कुणाला गरज उरली नाही. हशे कमी झाले नाहीत, पण प्रेक्षकाला जे आपल्या पदरचं घालावं लागत होतं ते आता आयतं मिळू लागलं. मी दादांचा चाहता आहे. गिरणी कामगाराच्या पोराने एकामागून एक मराठी चित्रपट पंचवीस आठवडे चालवून दाखवले याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटतं.

चौथी मात्र मुळातली आहे, आणि ती मला माझ्या आईने त्या रात्रीच सांगितली होती.

आमच्याकडे हळदीला बायका गातात. धवलारीण धवले म्हणते ते विधीचे, देवाब्राह्मणांपुढचे. पण हळद लागत असताना, मांडवात पुरुष कमी झाले की वेगळी गाणी निघतात. त्यांत नवरदेवाची, व्याह्याची, करवल्यांची जी धूळधाण होते ती मी इथे लिहू शकणार नाही. ती गाणी म्हणणाऱ्या बायका साठी-सत्तरीच्या असतात, गुडघे दुखत असतात, आणि ओळीच्या शेवटी नेमका शब्द येणार तिथे सगळ्या मिळून थांबतात. तो शब्द नवी नवरी मनात म्हणते आणि तिचे कान तापतात. हीच ती अर्धं बोलायची कला. माझी आई त्यात पुढे असे.

वग पाहून घरी येताना सगळे हवालदाराच्या नकला करत होते. आई कंदील घेऊन पुढे चालली होती. मधेच ती म्हणाली, “आनि मैनावतीला काय पायजे? कुनी इचारला?”

तेव्हा मला ते कळलं नाही. आज मला त्याहून नेमकी टीका सुचत नाही. साऱ्या कटातली बुद्धी मैनावतीची आहे. कोतवालाला खेळवते ती, पलंगाची मागणी तोंडाने करते ती, धोका पत्करते ती. पण नावातलं ‘माझी’ हवालदाराचं आहे. तिला गळाला लावलेलं आमिष म्हणून पाण्यात सोडलं जातं आणि मासा लागला की ती हवालदाराची होते. तिला स्वतःची विच्छा नाही. ती लावणीत शृंगार मांडते, पण तो समोरच्यासाठी. संगणकातल्या त्या दालनात साठणाऱ्या चित्रांहून मैनावती शंभर पटींनी जिवंत आहे, तिला ठसका आहे, तिला ताल आहे. तरी वग संपताना तीही एका अर्थी बक्षीसच होते.

आणि हे मराठीत पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक घरातली बाई वाटसरूला सांगते की सासू इथे निजते, मी इथे निजते, रात्री तुला दिसत नाही तेव्हा धडपडू नकोस. साहित्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून ही गाथा घेतली, कारण नकारात होकार दडलेला आहे. सगळा चावटपणा तिचा, चतुराई तिची, आणि विच्छाही तिचीच. हळदीच्या मांडवातल्या आमच्या बायका त्या बाईच्या घरातल्या आहेत. मैनावती त्यांच्या ओळखीची होती, पण तिला त्यांच्यात बसवलं गेलं नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि काही दिवस गप्प राहिला. मग एका रविवारी संगणक घेऊन आला. खिडकीतून बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज येत होता, ती लावून घेतली. पडद्यावर मैनावतीची माडी. मागे त्याने रंगवलेला पडदा, एका कोपऱ्यात ढोलकी. कोतवाल कमरेपर्यंत, मिशीला पीळ. खाली त्याची ओळ: तुला काय हवं ते माग. टिचकी. आणि पर्याय उघडले, या खेपेला खेळणाऱ्याच्या हातात कोतवाल नव्हता, मैनावती होती.

पहिला पर्याय, राजाचा छपरी पलंग. ती सबनीसांची वाट. दुसरा, कोतवालीची वस्त्रं. भाचा म्हणाला की त्या वाटेवर मैनावती स्वतःच कोतवाल होते आणि हवालदार तिच्या दारावर पहारा देतो. मला ते फार आवडलं. त्या वाटेवरचे दोन प्रसंग त्याने लिहिलेही होते, आणि त्यातला हवालदाराचा सलाम, जो करताना तो नेमका कुठे बघतो आहे ते लिहिलेलं नाही, तो सबनीसांच्या घराण्यातला होता.

तिसऱ्या पर्यायाची चौकट रिकामी होती. “इथे काय घालू ते कळत नाही,” तो म्हणाला. “तिला खरंच काय हवं असेल?”

आई कोपऱ्यात खाटेवर बसली होती. आता तिला ऐकू कमी येतं, पण नको ते ऐकू येतं. तिने नातवाला बोटाने जवळ बोलावलं. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला. ती काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त नव्हतं. भाच्याच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढत गेलेला मी पाहिला. तो येऊन बसला, त्याने टंकायला सुरुवात केली, पुसलं, पुन्हा टंकलं, पुन्हा पुसलं. मग चौकटीत तीन टिंबं दिली आणि माझ्याकडे न बघता संगणक मिटला.

मी विचारलं, काय म्हणाली?

आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आणि तिची पाठ हसत होती.